मंगलला पत्र

पुणे

प्रिय मंगल,

माझी प्रकृती ठीक आहे, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. नीलिमाच्या लहानग्या ओमची बेरा तपासणी (ऐकण्याच्या नसेची आणि मेंदूच्या प्रतिसादाची चाचणी) झाली आणि दोन्ही कानांत तीव्र बहिरेपणा निघाला. आता कोणी तरी तिच्या मनात भरवले आहे की मानेवरच्या ‘यामेन’ या चिनी अ‍ॅक्युपंक्चरच्या बिंदूत सुई टोचली की जन्मबहिरे मूलही बोलू लागते.

हा बिंदू मानेच्या मागे, मध्यरेषेवर, केसांच्या कडेपासून अर्धा छुन वर असतो. रुग्णाच्याच अंगठ्याची रुंदी म्हणजे एक छुन. तिथे आत मज्जारज्जू आणि थोडे वर श्वास चालवणारा मेंदूचा भाग असल्यामुळे जाणकार सुई हनुवटीच्या रोखाने, बेताचीच घालतात. वरच्या दिशेला आणि खोल ती कधीच नेत नाहीत. १९६८ मध्ये चीनच्या जीलिन प्रांतातल्या ल्याओयुआनच्या मूकबधिर शाळेत चाओ फूयू या लष्करी वैद्याने ही मर्यादा ओलांडली. आधी त्याने स्वतःच्या मानेत सुई खोल घालून पाहिली, मग मुलांना टोचली, आणि ती मुले माओंचा जयजयकार करू लागल्याचे सांस्कृतिक क्रांतीच्या त्या दिवसांत देशभर गाजले. त्याच्या धाडसाचा मी आदर करते, पण घोटून घेतलेली घोषणा म्हणता येणे म्हणजे ऐकू येणे नव्हे, हे तुझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? शाळेत बहिऱ्या मुलांकडून ‘पाणी’ हा एक शब्द वदवून घ्यायला आपल्याला किती महिने लागत! खुणा की ओठवाचन यावरून आपण डबे तसेच ठेवून भांडत होतो. खुणांबाबत तुझेच बरोबर होते असे मला आता वाटते, आणि हे वाचून तू मोठ्याने हसशील.

कानातल्या नष्ट झालेल्या संवेदनपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. भाषा रुजण्याची वर्षे मात्र हीच आहेत, आणि सुयांच्या फेऱ्यांत ती निघून जातील याची मला सुईपेक्षाही अधिक धास्ती वाटते. श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांटची (शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्राची) चौकशी आणि खुणा, हे सारे आजच सुरू व्हायला हवे.

तुझ्या सूनबाईंचे बाळंतपण सुखरूप झाल्याचे कळले, फार आनंद झाला. घराचे काम संपले का?

नीलिमा माझे ऐकत नाही, तुझे ऐकेल. दिवाळीची वाट न पाहता तिला फोन कर आणि जमल्यास येऊन ओमला भेट.

तुझी,
शैला