फोन आहेत, पण कुणाचे?

धडगाव, जि. नंदुरबार

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

"आता पोरांकडे फोन आहेत, मग केंद्र सरकारच्या 'स्वयम' संकेतस्थळावरचे ऑनलाईन कोर्स लावायला काय हरकत आहे?" असं तू विचारलंस. फोन आहेत रे. पण कुणाचे?

माझ्या एस.वाय.च्या वर्गातल्या एका मुलीचा नंबर म्हणजे तिच्या भावाचा नंबर. तो ऊसतोडीला गुजरातला गेला की घरातला एकुलता एक स्मार्टफोन त्याच्याबरोबर जातो. परवा ती महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला बसली, तर ओटीपी गेला तिकडे फडात. सायबर कॅफेवाल्याच्या मोबाईलवरून तिने भावाला फोन लावला. त्याने कोयता खाली ठेवून उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपली होती. पुन्हा पाठवा, पुन्हा तेच. मागे रांग ताटकळलेली. शेवटी मुकादमाने वाचून दाखवला तेव्हा कुठे काम झालं. पोर्टलच्या हिशोबात मात्र ती 'मोबाईलधारक'च!

लॉकडाऊनमध्ये टेकडीवर झाडाखाली बसून शिकणाऱ्या पोरांचे फोटो पेपरात यायचे, खाली 'जिद्द' वगैरे मथळा. मला त्या कौतुकाची चीड यायची. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीतच स्पष्ट होतं: ग्रामीण भागात संगणक असलेली घरं ४.४ टक्के, शहरात २३.४, इंटरनेटची सोय असलेली १४.९ आणि ४२. हे आधीच माहीत असूनही २०२० मध्ये अंतिम वर्षाचे पेपर पोरांनी मोबाईलवर दिले. रेंज गेली की पोरं हातपाय गाळायची.

बरं, ते संकटाचे दिवस होते. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२१ च्या नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून घेण्याची मुभा दिली. मुभा, सक्ती नाही. पण जिथे प्राध्यापकांच्या जागाच भरत नाहीत, तिथे मुभेची सक्ती व्हायला कितीसा वेळ लागतो? तुमच्याकडे ती जादाची निवड, आमच्याकडे मास्तरऐवजी व्हिडिओ. आणि आमच्या वर्गातली पोरं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात. मराठीतलंच समजावताना माझी दमछाक होते, तिथे इंग्रजी व्हिडिओ कुणाला कळणार?

तू अभ्यासमंडळावर आहेस म्हणून सांगतो. ऑनलाईन कोर्स लावाच, पण कॉलेजची संगणक खोली सुट्टीतही उघडी ठेवायची अट घाला. व्हिडिओबरोबर हलक्या ऑडिओ फाईल द्या, त्या पेनड्राईव्हवरून गावोगाव नेता येतात. असाइनमेंट हाताने लिहिलेली चालू द्या. मोबाईलवर दहा पानं टाईप करून बघ एकदा!

बैठक कधी आहे ते कळव, आमच्या प्राचार्यांचं पत्रही जोडतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मनोहर