बहरीच्या हाज्जांना

हाज्जा, सप्रेम नमस्कार.

तुमच्या थोरल्याचा फोन कधीपासून लागत नाही, म्हणून हे उघडं पत्र. ऑक्टोबर 2025 मध्ये सुदानच्या दारफुरातलं अल-फाशिर शहर आरएसएफ या सैन्याशी लढणाऱ्या निमलष्करी दलाच्या हाती पडल्याचं ऐकलं आणि तुमची आठवण मनातून जाईना. तुमचं माहेर ते. दारफुरातून एकदा जीव वाचवून तुम्ही राजधानी खार्तूमला लागून असलेल्या बहरीत आलात, आणि 15 एप्रिल 2023 ला लढाई तिथेही पोचली.

आम्ही चौघे सांगलीकडचे फिटर. आम्हाला तिकडे नेणाऱ्या ठेकेदाराने पहिल्याच दिवशी फोन बंद केला. पासपोर्ट त्याच्या कपाटात. एरवी ‘तुम्ही माझ्या घरचेच’ म्हणायचा. त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

बहरीचं पाणी बंद पडलं. तुमची मुलं गोळीबारातून नाईलवर जाऊन कॅन भरून आणायची, त्यातला एक आमचा. पाणी दुसऱ्या कुणीही दिलं असतं, सुदानी माणूस पाण्याला नाही म्हणत नाही. पण नदीचं पाणी या परक्यांच्या पोटाला सोसणार नाही, हे फक्त तुमच्या मनात आलं. चहाचा धंदा बसलेला, उरलेलं कोळशाचं पोतं हेच तुमचं भांडवल. तो कोळसा जाळून तुम्ही आमच्यासाठी पाणी उकळलंत, फडक्यातून गाळलंत. रोजे चालू होते. भर दुपारी स्वतःच्या घशाला कोरड असताना पाण्याचा जग घेऊन आलात आणि आम्ही पोटभर पिईपर्यंत दारात थांबलात. आमच्या आयांनी याहून वेगळं काय केलं असतं?

आम्हाला पोर्ट सुदानहून जेद्दाला न्यायला भारतीय नौदलाचं जहाज होतं. तुम्हाला कोण नेणार होतं? तुमच्या देशात एक कोटीहून जास्त माणसं घरातून उठली आणि जगाला त्याचं सोयरसुतक नाही. उभी राहिली ती गल्लीतली पोरंच. मोठमोठ्या संस्था निघून गेल्यावर त्यांनी मोहल्ल्यात चुली पेटवल्या, जो येईल त्याला डाळ आणि ‘फूल’ (शिजवलेल्या बाकला शेंगांच्या दाण्यांचं कालवण) वाढलं. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत थांबली तेव्हा त्यातली शेकडो स्वयंपाकघरं बंद पडली. उरलेली बरीचशी परदेशातल्या सुदानी लोकांच्या पैशावर चालतात. आम्ही चौघेही जमेल तसे पाठवतो.

बहरीत राहिलेल्या कुणी हे वाचलं, तर हाज्जांच्या मुलांना सांगा: कारखान्यामागच्या खोलीतले चौघे सुखरूप आहेत, आणि तुमचा ठावठिकाणा विचारताहेत.

तुमचा ऋणी,
त्या चौघांपैकी एक