पाळीची गोळी उशिरा नको

महोदय,
पाळीत वर्गात पोट धरून बसलेल्या मुलीला 'सवय होईल' एवढेच ऐकवले जाते. गर्भाशयाच्या अस्तरातून सुटणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यामुळे त्याचा स्नायू आवळतो, ती ही कळ. मेफेनॅमिक अ‍ॅसिड, आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळ्या हे द्रव्य तयार होणेच रोखतात. म्हणून कळ असह्य झाल्यावर घेतलेली गोळी पुरी पडत नाही. डॉक्टरांनी ठरवलेला डोस कळ सुरू होताच, चार घास खाऊन घ्यावा. दमा, अल्सर असल्यास विचारूनच. आणि पुण्यातल्या पावसाळ्यात ताप असेल तर डेंग्यूची शंका फिटेपर्यंत या गोळ्या नकोतच. शेकायच्या पिशवीत उकळते पाणी भरू नये, कातडी भाजते! टॉवेलात गुंडाळून 15-20 मिनिटे शेकावे. हे उपाय करूनही तीन पाळ्यांनंतर शाळा बुडत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असू शकतो.

– दोन स्त्रीरोगतज्ज्ञ, कोथरूड, पुणे