कार्डावरचं नाव खोडायला लावणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला बहुधा मी आठवतही नसेन. सेनापती बापट रस्त्यावरच्या त्या उद्योजिका मेळाव्यात चहाच्या रांगेत तुम्ही माझ्या पुढे होतात. काय करता, असं विचारलंत. मी म्हणाले, "भोसरीला ह्यांचं वर्कशॉप आहे, मी तिथं बघते."

"बघता म्हणजे?"

मग मी सांगत सुटले. दोन सीएनसी, एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशिनं), सात माणसं. ड्रॉइंग मी वाचते, कोटेशन मी काढते, रात्रपाळीत टूल तुटलं की फोन मलाच येतो. ह्यांची चाकणला नोकरी, वर्कशॉपवर येणं फक्त रविवारी. तुम्ही माझं कार्ड मागितलंत. त्यावर ह्यांचं नाव. पर्समधून पेन काढून माझ्या हातात ठेवलंत. "हे खोडा, स्वतःचं लिहा, मग द्या."

मागच्या दोघी बघत होत्या. खरं सांगते, तुमचा भयंकर राग आला होता. पण लिहिलं.

त्या दिवशीची भाषणं मी विसरले. दीपप्रज्वलन, शाल, कुंडीतलं रोप यांत पाऊण तास गेला. गळ्यात बिल्ले घातलेलं हळदीकुंकूच म्हणा ना. एका वक्त्या मात्र म्हणाल्या की पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये याच पुण्यात आर्य महिला समाज काढला. तेव्हा सभेला जायचं म्हणजे बायकांना किती ऐकून घ्यावं लागलं असेल! आणि इथं मला स्वतःचं नाव सांगायला जड जात होतं.

नंतरचा अर्धा तास तुम्ही मला दंडाला धरून फिरवलंत. "हिला जरा मदत करा" असं एकदाही म्हणाला नाहीत. "ह्या दहा मायक्रॉनमध्ये बोअर करून देतात," एवढंच; म्हणजे धातूतलं भोक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकं अचूक. आमच्या एमआयडीसीत अशा ओळखी टपरीवर होतात, कटिंग चहा आणि सिगारेटच्या धुरात. तिथं मी उभी राहिले तर कामगारच अवघडतात.

त्या फेरीत भेटलेल्या सीए बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "उद्यम नोंदणी कुणाच्या नावावर?" म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी. ती ह्यांच्या नावावर. केंद्र सरकारची खाती आणि सरकारी कंपन्या यांनी वर्षाच्या खरेदीतला ३ टक्के माल महिलांच्या सूक्ष्म-लघुउद्योगांकडून घ्यावा, हे २०१८ पासून ठरलेलं आहे. पण मालकी बाईची हवी, भागीदारी असेल तर तिचा हिस्सा किमान ५१ टक्के. नुसतं 'बघून' भागत नाही. आम्ही भागीदारी केली, माझा हिस्सा ६० टक्के. नवं पॅन, नवं जीएसटी, नवी उद्यम नोंदणी. तीन महिने डोक्याला ताप झाला. ह्यांनी सही करताना विचारलं, "म्हणजे आता मी तुझ्याकडे कामाला?" सासूबाई तेवढ्या दोन दिवस गप्प होत्या.

सरकारी ऑर्डर अजून एकही मिळालेली नाही, हेही सांगायला हवं. दोनदा कोटेशन भरलं, दोन्ही वेळा दरात मार खाल्ला. पण तुम्ही ओळख करून दिलेल्या परचेसवाल्या मॅडमनी २०० बुशांची (मशिनात बसणाऱ्या धातूच्या नळकांड्यांची) ट्रायल दिली. त्यातले चार रिजेक्ट झाले. आता दर महिन्याला मालाचं चलान जातं.

एका जुन्या गिऱ्हाइकाने पाच महिने पैसे अडकवले होते. लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवावं लागतं, हा २००६ चा कायदाही त्या सीए बाईंनीच सांगितला. मी कलमासकट पत्र पाठवलं, खाली माझी सही, भागीदार म्हणून. तक्रारीपर्यंत जावंच लागलं नाही. नवव्या दिवशी पैसे आले. आधी फोन केला की तिकडून एकच वाक्य यायचं, "साहेबांना बोलायला सांगा."

नवी कार्डं छापलीत, एक सोबत पाठवते आहे. तुमचं पेन माझ्याकडेच राहिलंय. चलानांवर सह्या त्यानेच करते, त्यामुळे ते परत मिळेल याची खात्री देत नाही.

तुमची,
भोसरीची वर्कशॉपवाली