लेआर्टिस एक नव्हे, दोन

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीत होमरच्या ‘ओडिसी’तला आणि शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधला लेआर्टिस एकच ठरवणाऱ्या लेखाला अर्धं पान दिलंत, त्याबद्दल आधी आभार मानतो. होमर आणि शेक्सपिअर यांना एका पंगतीला बसवायची हौस मराठी वृत्तपत्रांत अजून शिल्लक आहे, हे पाहून बरं वाटलं. ते बरं वाटणं दुसऱ्या परिच्छेदापर्यंत टिकलं.

‘ओडिसी’चा नायक ओडिसियस याची बायको पेनेलपी ‘परदेशी गेलेल्या नवऱ्यासाठी शेला विणत बसते’, असं लेखक महाशय म्हणतात. नवऱ्यासाठी नव्हे हो, सासऱ्यासाठी! आणि शेला कसला, ते लेआर्टिसचं कफन आहे. ज्याच्यावर लेख लिहायचा, त्याचंच नाव त्याच्या सगळ्यात प्रसिद्ध वस्तूवरून पुसायचं, ही कमाल आहे. गुडघ्याला बाशिंग बांधून वाड्यात ठाण मांडलेल्या १०८ उमेदवारांना पेनेलपी सांगते की, म्हाताऱ्याचं प्रेतवस्त्र विणून होईपर्यंत थांबा, एवढी मालमत्ता कमावलेला माणूस कफनाशिवाय गेला तर गावातल्या बायका मला नावं ठेवतील. दिवसा मागावर विणायचं, रात्री मशालींच्या उजेडात उसवायचं. तीन वर्षं हे खपलं, चौथ्या वर्षी दासीने बिंग फोडलं. ही सबब चालली ती सासऱ्यामुळेच. नवरा मेलाच असं गृहीत धरून बसलेल्या लोकांना नवऱ्याच्या शेल्याचं कारण दिलं असतं, तर कोण ऐकून घेणार होतं? सासऱ्याच्या अंत्यविधीच्या तयारीला मात्र उघडपणे नाही म्हणता येत नाही. आणि ज्याचं कफन चाललंय तो सासरा तेव्हा चांगला जिवंत आहे, शेतावर राबतो आहे!

हा शेतावरचा लेआर्टिस लेखात कुठेच नाही. त्याऐवजी ‘सूडाने पेटलेला ग्रीक वीरपुत्र’ असा कुणीतरी भलताच इसम उभा केला आहे. ओडिसीतला लेआर्टिस हा ओडिसियसचा बाप. बायको अँटिक्लिया मुलाच्या ध्यासाने झुरून गेली, आणि हा शहरात फिरकत नाही. हिवाळ्यात गड्यांबरोबर चुलीपाशी राखेत झोपतो, उन्हाळ्यात मळ्यातल्या पाल्यावर. चोविसाव्या सर्गात मुलगा त्याला शोधत येतो, तेव्हा तो एका रोपाभोवती माती भुसभुशीत करत असतो. अंगरखा ठिगळांचा, पायांना काट्यांपासून जपायला बैलाच्या कातड्याचे शिवलेले पट्टे, हातांत मोजे, डोक्यावर बकऱ्याच्या कातड्याची टोपी. मुलगा आधी खोटं नाव-गाव सांगून बापाची परीक्षा बघतो (ही खोड त्याची जात नाही), आणि म्हातारा मूठमूठ धूळ डोक्यावर घेऊन कण्हायला लागतो, तेव्हा कुठे खरं सांगतो. खूण पटवायला रानडुकराच्या सुळ्याचा जुना व्रण दाखवतो, आणि वर झाडं मोजून देतो. लहानपणी बापाच्या मागे मळ्यात हिंडताना बापाने नावानिशी दिलेली तेरा नासपतीची, दहा सफरचंदांची, चाळीस अंजिरांची, शिवाय द्राक्षवेलींच्या पन्नास ओळी द्यायचं कबूल केलेलं. एवढं ऐकल्यावर म्हाताऱ्याचे गुडघे लटपटतात. अर्ध्या पानाच्या लेखात या त्रेसष्ट झाडांतल्या एकालाही जागा मिळू नये?

सूडाचंच म्हणाल, तर याच सर्गात ओडिसियसने मारलेल्या मुलासाठी जमाव गोळा करून चाल करून येणारा माणूस युपायथीस, त्या उमेदवारांतल्या अँटिनोअसचा बाप. आणि त्याला भाला फेकून पाडतो कोण? लेआर्टिस! अथीना देवी त्याच्या अंगात बळ भरते आणि भाला शिरस्त्राणाच्या गालपट्टीतून आरपार जातो. थोडक्यात, हॅम्लेटमधल्या सूड घेणाऱ्या लेआर्टिससारखा जो कुणी ओडिसीत आहे, त्याला ओडिसीतला लेआर्टिस मारून टाकतो. दोघांना एक ठरवण्याआधी एवढं तरी वाचायचं होतं.

‘शेक्सपिअरने चॅपमनचं भाषांतर वाचून हे नाव उचललं’ हेही छातीठोकपणे छापलं आहे. चॅपमनचं ओडिसीचं इंग्रजी भाषांतर १६१४-१५चं. हॅम्लेटची पहिली छापील प्रत १६०३ची. गणित आपणच करावं. तेवढी वाट पाहायची गरजही नव्हती. शेक्सपिअरचंच ‘टायटस अँड्रॉनिकस’ १५९४ साली छापलं गेलं, त्याच्या पहिल्याच अंकात ओडिसियसला ‘शहाण्या लेआर्टिसचा मुलगा’ म्हटलेलं आहे. रोमन कवी ओव्हिडची लॅटिन काव्यं तेव्हा शाळेत घोकून घेत असत. नाव तिथून सहज हाताशी होतं.

आता हॅम्लेटचं. तिथला लेआर्टिस बापाच्या खुनाचा सूड म्हणून, राजाशी संगनमत करून, हॅम्लेटशी तलवारीचा खेळ खेळतो. लेख म्हणतो: ‘राजाने विषारी तलवार भोळ्या लेआर्टिसच्या हाती दिली आणि योगायोगाने ती बदलली.’ या एका वाक्यात दोन चुका आहेत. खेळातल्या तलवारीच्या टोकाला बोंड असतं, म्हणजे ती लागली तरी शिरत नाही. बोंड नसलेली तलवार मुद्दाम उचल, ही अक्कल राजाची. पण तिला विष चोपडायची कल्पना खुद्द लेआर्टिसची. एका वैदूकडून लेप विकत घेऊन ठेवलाय, नुसतं खरचटलं तरी माणूस वाचत नाही, असं तोच चौथ्या अंकात सांगतो. राजाची भर म्हणजे विषाचा पेला, तलवार फसलीच तर असावा म्हणून. भोळा म्हणे!

तलवारींच्या अदलाबदलीचं तर तालमीत हात घातलेल्या कुणालाही विचारा. पहिल्या दोन फेऱ्या हॅम्लेटच्या, तिसरी बरोबरीत. मग ‘हा घे’ म्हणून लेआर्टिस वार करतो, हॅम्लेटला रक्त दिसतं, आणि समोरच्याच्या तलवारीला बोंड नाही हे त्याला कळतं. तिथून पुढे तो खेळत नाही, लढतो. १६०४-०५च्या प्रतीत अदलाबदलीची रंगसूचनाच नाही. १६२३च्या प्रतीत ‘झटापटीत तलवारी बदलतात’ एवढंच. १६०३च्या प्रतीत मात्र दोघे एकमेकांच्या तलवारी पकडतात असं स्पष्ट आहे, आणि तोच खरा डाव: डावा पाय पुढे टाकत आत शिरायचं, डाव्या हाताने समोरच्याची मूठ धरून पिळायची, आणि त्याला स्वतःची तलवार वाचवता आली नाही की तोही तुमची मूठ तशीच धरतो. सुटतात तेव्हा तलवारी बदललेल्या असतात. १५७३च्या एका फ्रेंच तलवारबाजीच्या पुस्तकात हा डाव चित्रांसकट दिला आहे, आणि लेआर्टिस फ्रान्समधून आलेला आहे. रंगमंचावर हे फसतं ते दोघांनी एकाच क्षणी हात घातला की. एकाने आधी, दुसऱ्याने अर्ध्या श्वासाने नंतर, असं बांधलं नाही तर तलवारी खाली पडतात, नट त्या वाकून उचलतात, आणि मग प्रेक्षकांना तो योगायोग वाटतो. आपल्या लेखकांनी असाच एखादा प्रयोग पाहिला असावा.

आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात हॅम्लेट मराठीत आणलं, ‘विकारविलसित’ १८८३ साली छापून निघालं. ग्रंथालय हाताशी नसताना. आपल्या कार्यालयात इंटरनेट आहे.

जाता जाता शब्दकोड्याविषयी. गेल्या आठवड्यात आडवे शब्दांत ‘ओफेलियाचा भाऊ’ विचारून पाच घरं दिलीत. लेआर्टिस चार घरांत बसतो. दुसऱ्या दिवशीच्या उत्तरात ‘ले-आ-र-टी-स’ छापलंत, कारण त्या ‘टी’वरून खाली ‘टीका’ उतरवायची होती. जोडाक्षर मोडून घरं भरायची सवलत कोडं रचणाऱ्याला असेल, तर ती सोडवणाऱ्यालाही द्या आणि तसा नियम वर छापा. उत्तरं हल्ली जाहिरातीखाली इतक्या बारीक टायपात येतात की भिंग घेतल्याशिवाय ही लबाडी दिसतही नाही.

दुरुस्ती छापणार असाल तर पुरवणीतच छापा, हवामानाच्या चौकटीखाली नको. ‘शेला’ आणि ‘चॅपमन’ या दोन तरी.

आपला,
एक वर्गणीदार, मिरज