बगीचा टिकवायचा तर करार लेखी हवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की विदर्भातल्या तालुक्यांच्या गावी आणि मोठ्या ग्रामपंचायतींत वृक्षारोपणाच्या बातम्या सुरू होतात. रोप लावतानाचा फोटो छापून येतो. त्याच ओपन स्पेसमधले मागच्या वर्षीचे रोप एप्रिलमध्ये का वाळले, हे मात्र कुणी विचारत नाही. सार्वजनिक बगीचे सांभाळणाऱ्या स्वयंसेवी मंडळांतले आम्ही काही कार्यकर्ते त्याबद्दलच लिहीत आहोत. जागा नगरपंचायतीची आणि हात मंडळाचे, ही वाटणी आपल्याकडे चालू शकते. पण ती कागदावर असेल तरच चालते.

जागेची तशी कमतरता नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ४० आर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. या जागा नकाशावर हिरव्या दिसतात. प्रत्यक्षात तिथे गाजरगवत, वेडी बाभूळ आणि बांधकामाचा मलबा असतो. स्थानिक संस्थेकडे माळी नसतो, असला तर एकाच माळ्याकडे पाच-सात जागा असतात. अशा ठिकाणी वस्तीतले लोक एकत्र येऊन काम हाती घेतात. दोन वर्षे उत्साहाने चालते. मग पदाधिकारी बदलतात, मुख्याधिकाऱ्यांची बदली होते, नवे साहेब विचारतात, ‘तुम्ही कोण?’ आणि मंडळाजवळ दाखवायला एक ओळसुद्धा नसते.

म्हणून पहिले काम करार. सर्वसाधारण सभेचा ठराव (ग्रामपंचायत असेल तर ग्रामसभेचा), त्यावर आधारलेला तीन वर्षांचा करारनामा आणि जागेचा मोजणी नकाशा सोबत जोडलेला. त्यात काय हवे हे अनुभवी मंडळे आता जाणतात. मालकी स्थानिक संस्थेचीच राहील आणि मंडळ कोणतेही पक्के बांधकाम करणार नाही, हे पहिलेच कलम असावे, कारण मंदिर, पुतळा किंवा संस्थेची खोली उभी राहिली की बगीच्याचे भांडण कोर्टात जाते. वीज मीटर कुणाच्या नावे आणि बिल कोण भरणार, हे स्पष्ट लिहावे. बिल थकून वीजपुरवठा तुटला की बोअरची मोटर बंद पडते आणि मे महिन्यात आठ-दहा दिवसांत दोन वर्षांची मेहनत जाते. फाटकाच्या किल्ल्या कुणाकडे, चिंच-सीताफळाच्या लिलावाचे पैसे कुणाचे, खेळणे तुटून मूल जखमी झाले तर जबाबदारी कुणाची, हेही त्यातच यावे. फांदी तोडायचा अधिकार मंडळाला आपोआप मिळत नाही. नगरपरिषद-नगरपंचायत हद्दीत १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा लागू आहे आणि वाळलेले झाड काढायलाही लेखी परवानगी लागते.

हे काही नवे नाही. न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क मोडकळीस आले होते, तेव्हा १९८० मध्ये नागरिकांनी त्यासाठी संस्था काढली आणि १९९८ मध्ये शहराशी तिचा लेखी करार झाला. देखभाल संस्था करते, बहुतांश पैसा तीच उभा करते. जमीन आणि धोरण शहराचे. अमेरिकेतल्या अनेक कौंट्यांत, म्हणजे ढोबळपणे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागांत, उद्यानांची मित्रमंडळे याच धर्तीवर काम करतात. आपल्याकडे तेवढा पैसा नाही, पण गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराजांच्या या मुलखात श्रमदान कुणाला शिकवावे लागत नाही.

आता मातीकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त रोपे इथेच मरतात. पश्चिम विदर्भातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. ऑगस्टमध्ये खड्ड्यात पाणी साचून मुळे कुजतात, एप्रिलमध्ये भेगेत मुळे तुटतात. उपाय साधा आहे. दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा एप्रिल-मे महिन्यातच खोदून उन्हात तापू द्यावा, म्हणजे उधई आणि हुमणी कमी होते. भरताना दोन भाग माती, एक भाग मुरूम, एक भाग कुजलेले शेणखत घ्यावे. कच्चे शेण टाकले तर उधई हमखास लागते. माती जमिनीच्या सहा इंच वर उंचवटा होईल इतकी भरावी, पावसाने ती बसते. रोप सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतले, चार-पाच फूट उंच, मोठ्या पिशवीतले घ्यावे. पिशवी पूर्ण काढून तळाशी वेटोळे झालेली मुळे कापावीत. पिशवीसकट लावलेली रोपे तर दरवर्षी सापडतात!

तारीख पंचांगावरून किंवा शासकीय कार्यक्रमावरून ठरवू नये. एकूण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय कापूस-सोयाबीन पेरू नका, असे शेतकऱ्याला सांगतात. रोपालाही तोच नियम लावावा. त्याआधी लावलेले रोप जूनच्या अखेरीस पडणाऱ्या खंडात जाते.

इथे मनुष्यबळाची एक अडचण येते, जी शहरातल्या संस्थांना कळत नाही. आपले स्वयंसेवक शेतकरी आहेत. पेरणीत आणि डवरणीत ते येऊ शकत नाहीत, ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढणी, पुढे कापसाची वेचणी, मग तूर. म्हणजे जेव्हा बगीच्याला हात हवेत तेव्हाच ते शेतात अडकलेले. त्यामुळे मंडळात शिक्षक, दुकानदार, निवृत्त कर्मचारी आणि शेतकरी यांची सरमिसळ मुद्दाम ठेवावी. जुलैतली लागवड पहिल्या तिघांनी करावी, शेतकऱ्यांची मोठी पाळी पोळ्याच्या आसपास, निंदण उरकल्यावर ठेवावी. तेव्हा ओल असते आणि रोप रुजायला पाऊसही शिल्लक असतो. उन्हाळ्यात शेतीची कामे कमी असतात. पाण्याच्या पाळ्या तेव्हा शेतकऱ्यांकडे द्याव्यात. पाण्याची नजर त्यांच्याइतकी कुणाला नसते.

पाण्याचा हिशेब लोक घाबरून करतच नाहीत. एका रोपाला एका वेळी १५ लिटर, मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत आठवड्यातून दोनदा. १०० रोपांना आठवड्याला ३,००० लिटर लागले. पंधरा आठवड्यांचे ४५,००० लिटर, म्हणजे ५,००० लिटरचे नऊ टँकर. एवढ्यात १०० झाडे उन्हाळा पार करतात. याउलट लॉनचे पाहा. मे महिन्यात लॉनला रोज साधारण ८ मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे चौरस मीटरला ८ लिटर. दहा गुंठ्यांच्या लॉनला रोज ८,००० लिटर झाले. जल जीवन मिशनचे माणशी ५५ लिटरचे प्रमाण धरले तर सुमारे १४५ माणसांचे एका दिवसाचे पाणी गवताने प्यायले. ज्या गावात मे महिन्यात तीन दिवसांआड नळ येतो तिथे लॉनचे अंदाजपत्रक मंजूर होणे आम्हाला अन्यायाचे वाटते. लॉनच्या जागी कडुनिंब, करंज, बहावा लावावेत, सावलीत मुरमाची पायवाट करावी. लोकांना बसायला सावलीच लागते.

ठिबक करायचे तर १६ मिलिमीटरची नळी, झाडाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर, दोन तास चालवले की १६ लिटर होतात. खार आणि उंदीर नळी कुरतडतात, त्यामुळे पाळीवाल्याने दर वेळी पूर्ण ओळ चालून पाहावी. फिल्टरची जाळी आठवड्याला धुवावी. खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णेच्या खोऱ्यात, बोअरचे पाणी देऊच नये. ते ड्रिपरही बंद पाडते आणि काळ्या मातीला चोपणही (क्षारांनी घट्ट, पाणी न मुरणारी) करते. तिथे कडुनिंब, बोर, करंज अशी क्षार सोसणारी झाडे लावावीत आणि पाणी टँकरचे द्यावे. भंडारा-गोंदियाकडे प्रश्न उलटा आहे; मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या काठच्या ओल्या जागेत अर्जुन आणि जांभूळ उत्तम येतात, कडुनिंब मात्र पाणथळीत टिकत नाही.

बुंध्याभोवती सोयाबीनचे कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, तीन-चार इंच पसरावे. ओल टिकते आणि भेगा कमी पडतात. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडावी, नाहीतर उधई कुटारातून सरळ सालीत शिरते. लोखंडी जाळी बकऱ्यांपासून वाचवते, पण खोड जाळीला टेकायच्या आत ती काढायला कुणाला आठवत नाही आणि तार सालीत रुतते. जाळी काढायची तारीख करारातल्या वेळापत्रकातच टाकावी.

फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाचा पाला पडतो आणि सफाई कामगार तो झाडाखालीच पेटवतो. त्या आचेने बुंध्याची साल मरते, वरवरची मुळे भाजतात, आणि झाड दोन वर्षांनी वाळले की दोष उन्हाला दिला जातो. दहा फूट लांब, चार फूट रुंद, तीन फूट खोल एक खड्डा कोपऱ्यात असला की काम होते. पाल्याच्या फूटभर थरावर शेणकाला शिंपडायचा, ओल ठेवायची. पावसाळा संपेपर्यंत पुढच्या लागवडीचे खत तयार असते. पाला जाळणार नाही, ही अट सफाईच्या ठेकेदाराच्या कार्यादेशातच घालून घ्यावी. मंडळाने विनवण्या करून भागत नाही.

खेळण्यांबद्दल जरा कडक बोलणे भाग आहे, कारण तिथे लेकरांचा प्रश्न आहे. झोक्याची साखळी वर, कडीत घासते आणि खालून पाहणाऱ्याला ते दिसत नाही. आठवड्यातून एकदा शिडी लावून कडी पाहावी. एक तृतीयांश झिजली की बदलावी, वेल्डिंग करून चालवू नये. झोका आणि घसरगुंडीखाली गट्टू किंवा काँक्रीट कधीही नको, फूटभर जाडीची नदीची वाळू हवी आणि ती महिन्यातून एकदा उकरून सारखी करावी, नाहीतर ती दगडासारखी घट्ट होते. पत्र्याची घसरगुंडी मे महिन्यात दुपारी लहान मुलाची कातडी भाजते. ती झाडाच्या सावलीतच बसवावी. खांबांचा पाया काळ्या मातीतून खाली मुरमापर्यंत न्यावा. वरच थांबलेला पाया पहिल्याच पावसाळ्यात कलतो. कुंपणाच्या भिंतीला तडे जातात तेही याचमुळे. ओपन जिमचे बेअरिंग दर तीन महिन्यांनी ग्रीस मागते. नट चोरीला जातात, त्यासाठी बसवल्यावर टोकाला वेल्डिंगचा एक टिपका द्यावा.

पैशाबाबत. मंडळ नोंदलेले असावे: किमान सात सभासद, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, धर्मादाय कार्यालयात. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करावा. बहुतेक गावातली मंडळे नेमकी इथेच अडकतात. दप्तरी जुनीच नावे राहतात, त्यातले एखादे वारलेले असते, आणि बँक सही मानत नाही. आयकरातल्या देणगी-सवलतीची (८०-जी) मान्यता असली तरी २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगावे.

देणगीदारांची मनोवृत्तीही समजून घ्यावी लागते. स्मरणार्थ बाक आणि नाव कोरलेली कमान द्यायला लोक तयार असतात, रबरी पाइप आणि ग्रीसला कुणी पैसे देत नाही. म्हणून मंडळाने पहिल्या सभेतच ठरवावे की येणाऱ्या प्रत्येक देणगीतला पाचवा हिस्सा देखभाल खात्यात जाईल. बाकांची संख्याही ठरवून टाकावी, नाहीतर चालायची वाट उरत नाही. ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाशी न बांधलेल्या) निधीतून कामे घेता येतात, पण त्यातून पगार देता येत नाही. माळ्याच्या मानधनाची सोय ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून किंवा मंडळाकडूनच करावी लागते.

मंडळांनी एक मर्यादा पाळावी असेही आम्हाला वाटते. विजेचे काम, उंच झाडावर चढणे, आग्या मोहोळ काढणे, साप पकडणे ही कामे श्रमदानातली नव्हेत, शाळेतल्या मुलांकडून तर मुळीच करून घेऊ नयेत. एप्रिल-मे महिन्यात श्रमदान सकाळी सहाला सुरू करून आठला थांबवावे. आणि नगरपंचायतीने पाणी, वीज, कचरा उचलणे या तिच्या जबाबदाऱ्या मंडळ आहे म्हणून सोडून देऊ नयेत. तसे झाले की स्वयंसेवक थकतात आणि बगीचा पुन्हा गाजरगवताकडे जातो.

आमची विनंती नेमकी आहे. जिल्ह्यातल्या नगरपंचायतींनी आणि मोठ्या ग्रामपंचायतींनी आपल्या मोकळ्या जागांची यादी मोजणी नकाशासह फलकावर लावावी आणि पावसाळ्याआधीच्या सभेत करारनाम्याचा विषय कार्यसूचीवर घ्यावा. मसुदा दोन पानांत बसतो. खड्डे मात्र सभेची वाट न पाहता आत्ताच खोदून ठेवावेत.

आपले,
सार्वजनिक बगीच्यांच्या देखभालीत काम करणारे स्वयंसेवक,
जि. यवतमाळ