फोनची परीक्षा एकदा उन्हात घ्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत पंधरा हजारांच्या आतल्या मोबाइलचे परीक्षण आले होते. मुलीने ते मोठ्याने वाचले आणि मी मेथी निवडत ऐकले. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, गेम खेळताना अडकतो का, रात्रीचे फोटो कसे येतात, मागची बाजू बोटांनी मळते का, सगळे होते. लिहिणाऱ्याने मेहनत घेतली हे कळत होते. वाचून झाल्यावर मुलीने विचारले, "आई, मग यातला कोणता घ्यायचा?" मला सांगता आले नाही. मला जे बघायचे आहे त्यातले परीक्षणात काहीच नव्हते. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी मेहकर तालुक्यात शेती करते. साडेचार एकर, सोयाबीन आणि तूर. विहिरीला पाणी राहिले तर एखाद्या एकरात हरभरा. घरचे पुण्याकडे कामाला असतात, त्यामुळे पेरणीपासून सोंगणीपर्यंत शेत माझ्याकडे आणि शेताचे सगळे कागद माझ्या मोबाइलमध्ये. आताचा फोन २०२२च्या दिवाळीत घेतला. १२,९९९ रुपये. त्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,३०० होता, म्हणजे बरोबर तीन क्विंटल सोयाबीन झाले. आमच्या जमिनीत एकरी सहा क्विंटल निघाले तर वर्ष चांगले म्हणायचे. अर्ध्या एकराचे पीक त्या एवढ्याशा खोक्यात गेले आणि त्यातले जवळजवळ दोन हजार जीएसटीचे होते. एवढे मोजल्यावर तो पाच वर्षे टिकावा अशी माझी अपेक्षा होती आणि आहे.

कंपनीचे नाव लिहीत नाही. गावात या किमतीचे चार कंपन्यांचे फोन आहेत, त्यांचीही गत थोड्याफार फरकाने हीच आहे.

आधी चांगले सांगते, कारण या फोनने मला खूप दिले आहे. बॅटरी ५,००० एमएएचची. पहिली दोन वर्षे सकाळी चार्जिंग काढले की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बघावे लागत नसे. हरभऱ्याला पाणी द्यायची पाळी रात्रीची आली की याच फोनच्या टॉर्चच्या उजेडात मी विहिरीवर जाते. दोन सिम चालतात, तेही एकाच वेळी. घरात एका कंपनीची रेंज आणि शेतात दुसऱ्या कंपनीची, अशी आमच्याकडची तऱ्हा असल्याने ही सोय शहरातल्यापेक्षा आम्हाला जास्त लागते. ट्रॅक्टरच्या मडगार्डवरून दोनदा पडला, कव्हर फाटले, फोन चालू राहिला.

कॅमेऱ्याबद्दल तर मी कृतज्ञच आहे. २०२३च्या ऑगस्टमध्ये सोयाबीनच्या काही झाडांचे शेंडे मान टाकू लागले. दुकानदाराने दोन औषधे एकत्र करून फवारायला सांगितले. मी आधी देठाचा जवळून फोटो काढून कृषी सहायकांना पाठवला. फोटो मोठा करून बघितल्यावर देठावर एकाखाली एक अशा दोन चकत्या स्पष्ट दिसल्या. देठ कोरणारा चक्रीभुंगा होता. एकच औषध लागले, तेही धुऱ्याकडच्या पट्ट्यापुरते. तो फोटो नीट आला नसता तर साडेचार एकर फवारून बसले असते.

आणखी एक गोष्ट, जी परीक्षणात कोणीच लिहीत नाही. या फोनला इअरफोनची वायर लावायला भोक आहे आणि आत एफएम रेडिओ आहे. वायरच अँटेनाचे काम करते. रिचार्ज संपला तरी रेडिओ चालतो, पावसाळ्यात टॉवर बंद पडला तरी चालतो. ज्या फोनमध्ये ही सोय आहे तिथे ती बंद करू नका, असे केंद्र सरकारने २०२३च्या एप्रिलमध्ये मोबाइल उत्पादकांना कळवले होते. तरीही नव्या फोनांत वायरचे भोकच कमी होत चालले आहे.

आता उन्हाचे.

ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची सरकारी नोंद, २०२१च्या १५ ऑगस्टपासून सुरू झाली. शेतात प्रत्यक्ष उभे राहून पिकाचा फोटो काढायचा, ठिकाण फोनच्या जीपीएसवरून नोंदवले जाते. घरी बसून होत नाही आणि होऊही नये. म्हणजे स्क्रीन वाचायची ती भर शेतात. माझ्या फोनचा डिस्प्ले एलसीडी आहे. दुकानात ट्यूबलाइटखाली तो इतका लख्ख दिसला की मला शंकासुद्धा आली नाही. शेतात अकरानंतर त्यावर मला माझा चेहरा दिसतो, अक्षर दिसत नाही. मी काय करते ते सांगते. खाली बसते, पदर डोक्यावरून पुढे ओढून फोनवर घेते आणि त्या अंधारात गट नंबर निवडते. बाजूच्या शेतातले भाऊ टोपी धरतात, कोणी पोत्याची खोळ करते. माझ्या गावातल्या बहुतेकांना हे करताना मी पाहिले आहे.

बरे, ब्राइटनेस पूर्ण वाढवावी तर पाच-सात मिनिटांत फोन तापतो आणि तापला की स्वतःला वाचवायला ब्राइटनेस आपोआप कमी करतो. ज्या क्षणी उजेड सगळ्यात जास्त हवा त्याच क्षणी तो काढून घेतो. एप्रिल-मे महिन्यांत तर कॅमेरा "फोन खूप गरम झाला आहे" असे सांगून बंदच होतो आणि चार्जिंगही थांबते. लिथियमच्या बॅटरीला उष्णता मानवत नाही, म्हणून ही काळजी केलेली असते, हे मला मुलीने समजावले. ती खामगावला डिप्लोमा करते. काळजी बरोबरच आहे. पण मग ४२ अंशांच्या प्रदेशात विकायच्या फोनची परीक्षा ४२ अंशांत कोणी घेतली आहे का, हे मला कळायला नको?

मुलगीच म्हणाली की जाहिरातीत निट्सचा, म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचा, जो मोठा आकडा असतो तो स्क्रीनच्या छोट्याशा भागापुरता आणि थोड्या वेळापुरता असतो. उन्हात पूर्ण स्क्रीन किती उजळते, त्याचा आकडा वेगळा आणि बराच लहान असतो. आपल्या परीक्षणात मोठाच आकडा होता.

दुसरा अनुभव २०२४च्या सप्टेंबरचा. महिन्याच्या सुरुवातीलाच विदर्भ-मराठवाड्यात धो धो पाऊस झाला. माझ्या खालच्या दीड एकरात गुडघाभर पाणी होते. पीक विम्यात अशा नुकसानीची सूचना तेव्हा ७२ तासांच्या आत द्यावी लागत होती. मी चिखलात उभी राहून ॲप उघडले, तर ते म्हणाले आधी अपडेट करा. अपडेट करायला गेले, तर फोन म्हणाला जागा नाही. पाऊस भुरभुर चालूच होता. स्क्रीनवर थेंब पडले की थेंबालाच तो बोट समजायचा आणि भलतेच काहीतरी उघडायचे. ओल्या हातांनी मी फोटो पुसत बसले. मुलीचे बारावीच्या निरोप समारंभाचे सगळे व्हिडिओ त्या दिवशी गेले. तरी ॲप काही अपडेट झाले नाही. शेवटी शेजारच्या पोराच्या फोनवरून सूचना गेली, तिसऱ्या दिवशी दुपारी.

फोन ६४ जीबीचा आहे. पण पहिल्या दिवसापासून त्यातला मोठा वाटा फोनच्याच सामानाने भरलेला होता. त्यात आठ-दहा ॲप अशी आहेत की मी एकदाही उघडली नाहीत आणि ती काढताही येत नाहीत. त्यांच्या जाहिराती मात्र स्क्रीन उघडायच्या आधीच दिसतात. मेमरी कार्ड टाकले आहे, पण त्यावर फोटो जातात, ॲप जात नाहीत. तेव्हा खोक्यावर ६४ लिहिले असेल तर माझ्या हातात त्यातले किती, हे सांगायला नको का? किराणा दुकानात कट्ट्याचे वजन वेगळे आणि मालाचे वेगळे सांगतात.

सुरक्षेचे अपडेट हा भाग मला फार उशिरा कळला. सेटिंगमध्ये एक तारीख असते, शेवटचे सुरक्षा अपडेट कधी आले त्याची. माझ्या फोनवर जून २०२४ आहे. म्हणजे घेतल्यापासून दोन वर्षेसुद्धा पूर्ण झाली नाहीत. फोन चालतो म्हणून माणूस निर्धास्त असतो. पण याच फोनवर माझे बँक खाते आहे, यूपीआय आहे, आधारचे ओटीपी येतात. आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीएम किसानच्या नावाने एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, फिरली होती. एकाने ती उघडली आणि त्यांच्या खात्यातले तुरीचे पैसे गेले. अशी फाइल कोणत्याही फोनवर उघडू नये, हे खरेच. पण ज्या फोनची राखण कंपनीने सोडून दिली आहे तो आणखी उघडा पडतो, आणि असले फोन आमच्याकडेच सगळ्यात जास्त दिवस वापरले जातात. पुण्यातला माणूस दोन वर्षांनी बदलतो, आम्ही बदलत नाही.

हे कमी पैशांत जमत नाही असेही नाही. सॅमसंगने २०२४च्या ऑक्टोबरमध्ये गॅलेक्सी ए१६ काढला, त्याला सहा वर्षे सुरक्षा अपडेट देण्याचे जाहीर केले आहे. तो माझ्या फोनपेक्षा सहा हजारांनी महाग होता. पण वर्षांवर भागून पाहा, तो मला स्वस्त पडला असता. हा हिशेब मी २०२२ साली मांडू शकले नाही, कारण तेव्हा असे वर्षांचे आकडे असतात हेच मला माहीत नव्हते. दुकानदार फक्त "फाइव्ह जी आहे" एवढेच म्हणत होता. २०२२च्या ऑक्टोबरच्या १ तारखेलाच देशात ५जी सुरू झाले होते आणि सगळीकडे तोच शब्द होता. माझ्या शेतात आजही ४जीच्या दोन कांड्या येतात.

दुरुस्तीचे थोडक्यात लिहिते. मळणीच्या दिवसांत सोयाबीनचे कुटार आणि धूळ चार्जिंगच्या भोकात बसते. पिन दोनदा बदलली, साडेतीनशे-साडेतीनशे. मागच्या वर्षी डिस्प्लेला तडा गेला. तालुक्याला कोंबो, म्हणजे काच आणि डिस्प्ले एकत्र, बाविसशेला मिळाला, अस्सल हवा तर अकोल्याच्या सेवा केंद्रात साडेचार हजार आणि फोन आठ दिवस ठेवायचा. एसटीचे आमचे तिकीट अर्धे आहे, त्याची अडचण नव्हती. पण आठ दिवस फोनशिवाय राहणे कसे जमायचे? बाविसशेचा टाकला. तो आधीच्यापेक्षाही उन्हात फिका आहे.

युरोपात २०२५च्या २० जूनपासून फोनच्या खोक्यावर लेबल सक्तीचे झाले आहे. दुरुस्त करायला किती सोपा, पडला तर किती टिकतो, धूळ-पाणी किती सोसतो, बॅटरी किती वेळा चार्ज होईपर्यंत चांगली राहते, हे त्यावर अक्षरांत आणि आकड्यांत लिहावे लागते. फ्रीजवर तारे असतात तसेच. आपल्याकडेही ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने फोनच्या दुरुस्तीयोग्यतेला गुण देण्याची शिफारस केली आहे. ते खोक्यावर येईल तेव्हा येईल. तोपर्यंत हे काम वर्तमानपत्र करू शकते. आमच्या गावात पुरवणी चार घरांत येते आणि चाळीस घरे वाचतात.

माझी मागणी मोठी नाही. पुढच्या परीक्षणात प्रत्येक फोनखाली चार ओळी वाढवा. दुपारी बारा वाजता उघड्यावर, अर्धा तास वापरल्यानंतर स्क्रीन वाचता येते का. ओल्या बोटांनी चालतो का. सुरक्षा अपडेट कोणत्या महिन्यापर्यंत येणार, तारखेसह. नवा डिस्प्ले आणि नवी बॅटरी सेवा केंद्रात केवढ्याला पडते. जमल्यास घेतल्या दिवशी किती जीबी मोकळी असते, तेही. गेमचे दोन परिच्छेद कमी केले तर जागा निघेल. मुलीलाही ते चालणार आहे.

गेल्या बुधवारी मी बाजाराला गेले तेव्हा दुकानात तीन फोन बघितले. बाहेर रस्त्यावर नेऊन बघू द्या म्हटले तर दुकानातला मुलगा आधी गोंधळला, मग स्वतः सोबत आला. दीड वाजला होता. तीनपैकी एकावर मला चश्मा न लावता घड्याळ वाचता आले. तो मुलगाही बघत राहिला. म्हणाला, "काकू, हे असं कोणी बघतच नाही." त्या फोनच्या अपडेटची तारीख मात्र त्याला सांगता आली नाही, खोक्यावरही नव्हती. म्हणून अजून घेतलेला नाही. खरीप पेरणीच्या आत घ्यायचा आहे.

पत्र लांबले आहे, कापावे लागेल हे कळते. उन्हाचा भाग मात्र ठेवावा, ही विनंती.

आपली,
एक शेतकरी वाचक
ता. मेहकर, जि. बुलडाणा